जोडणी तार, इलेक्ट्रॉनीय

इलेक्ट्रॉनीय मंडलातील निरनिराळे घटक, मुद्रित मंडलांचे फलक, स्विच, मापके, ध्वनिक्षेपक व विद्युत् पुरवठा हे एकमेकांस जोडण्यासाठी वापरण्यात येणारी, विद्युत् निरोधक आवरण असलेली तांब्याची बारीक तार. बाजारात तिला ‘हुकअप तार’ असेही म्हणतात. तिच्या संवाहकाचा व्यास सामान्यतः ०·२५ ते ०·८ मिमी. असतो. घरातील वीजजोडणीच्या तारा याहून पुष्कळ जाड असून त्यांची टोके स्क्रूने आवळून बसवितात. जोडणी तार मात्र बहुधा डाखकामाने, म्हणजेच सोल्डरिंगने, पक्की करतात. त्यामुळे प्रवाह वाहून नेण्याखेरीज तिला आवरण काढताना होणारी इजा, सांधा करताना पोहोचणारी उष्णता आणि नंतरचे वाकणे व कंपन यांनाही तोंड द्यावे लागते. इलेक्ट्रॉनीय मंडलांतील बहुतेक प्रवाह इतके अल्प असतात की, त्यांच्यापुरती अगदी बारीक तारही पुरेशी असते. म्हणून तारेची निवड करताना प्रवाहापेक्षा या यांत्रिक व औष्णिक बाबीच पुष्कळदा निर्णायक ठरतात. विद्यार्थ्यांनी व हौशी व्यक्तींनी बनविलेली उपकरणे काही दिवस चालून बंद पडतात, तेव्हा दोष पुष्कळदा घटकांत नसून तारेच्या टोकाशी असतो.

इतिहास : तारायंत्राच्या भूमिगत तारांसाठी १८४७ च्या सुमारास गटापर्चा या वनस्पतिजन्य पदार्थाचे आवरण वापरण्यास प्रारंभ झाला. पुढे यंत्रांच्या अंतर्भागातील बारीक तारांना सुती किंवा रेशमी धाग्यांचे वेष्टन देत व ते मेण किंवा रोगणात भिजवीत. रबराचे आवरण लवचिक असले, तरी व्हल्कनीकरणासाठी वापरलेल्या गंधकामुळे त्याखालील तांबे काळे पडत असे. ते टाळण्यासाठी तांब्यावर कथिलाचा पातळ मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. रबर मागे पडल्यानंतरही हा मुलामा टिकून राहिला. कारण कथिलाच्या पृष्ठावर डाख सहज पसरतो.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या ठिसूळ बहुवारिकास मऊ व लवचिक करण्याची रीत शोधून काढली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या पदार्थाने तारांच्या आवरणात रबराची जागा घेण्यास सुरुवात केली. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन हा पदार्थ योगायोगाने सापडला. टेफ्लॉन या व्यापारी नावाने परिचित असलेल्या या पदार्थाचे आवरण उच्च तापमानात उपयोगी पडते. निर्वात नलिकांच्या रेडिओ संचात घटकाघटकांमधील बहुतेक सर्व जोडण्या हाताने तार लावून करीत. मुद्रित मंडलांच्या प्रसारानंतर फलकावरील जोडण्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांनी होऊ लागल्या. तथापि फलकापासून बाहेर जाणाऱ्या जोडण्या, प्रायोगिक मंडले व दुरुस्ती यांसाठी जोडणी तारेची गरज कायम राहिली आहे.

संवाहक : तांब्याची विद्युत् संवाहकता सर्व धातूंत चांदीच्या खालोखाल आहे, शिवाय ते तन्य असून त्यावर डाख नीट बसतो. मृदू केलेल्या प्रमाणभूत तांब्याची रोधकता १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने निश्चित केली. त्यानुसार १ मी. लांब व १ चौ. मिमी. छेदाच्या तारेचा रोध २०° से. तापमानास सु. ०·०१७२ ओहम असतो. तापमान १° से. ने वाढल्यास हा रोध सु. ०·४ टक्क्याने वाढतो. उघडे तांबे हवेत हळूहळू काळवंडते आणि अशा पृष्ठावर डाख धरत नाही. म्हणून दीर्घकाळ साठवून ठेवावयाच्या तारेसाठी कथिलाचा मुलामा दिलेले तांबे श्रेयस्कर असते. टेफ्लॉनचे आवरण चढविताना तापमान फार वाढत असल्याने त्याखालील तांब्यावर बहुधा चांदीचा किंवा निकेलाचा मुलामा देतात. यांपैकी चांदीवर डाख उत्तम बसतो. निकेलावर मात्र साध्या अभिवाहाने तो सहज बसत नाही.

स्वस्त तारांमध्ये तांब्याऐवजी, तांब्याचा पातळ थर दिलेले ॲल्युमिनियम वापरलेले आढळते. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा अशा तारेचा रोध सु. दीडपटीहून अधिक असतो. ती थोड्या वाकण्याने तुटते आणि वरचा थर खरवडला गेल्यास आतील ॲल्युमिनियमवर डाख मुळीच धरत नाही. तार ओळखण्यासाठी पात्याने एक पदर खरवडून पाहतात. कथिलाच्या मुलाम्याखाली तांबूस धातू दिसल्यास तार तांब्याची असते. आतून पांढरी निघाल्यास ती ॲल्युमिनियमची समजावी. प्रयोगफलकासाठी मिळणाऱ्या काही तयार जोडतारांत तर पोलादी पदर असतात. ते चुंबकाकडे ओढले जातात, यावरून त्यांची पारख होते.

एकपदरी व बहुपदरी तारा : एकाच सलग संवाहकाच्या तारेस एकपदरी व अनेक बारीक पदर एकत्र पिळून केलेल्या तारेस बहुपदरी तार म्हणतात. तार वाकविली असता तिच्या बाहेरील पृष्ठभागावर येणारा ताण वाकण्याची त्रिज्या तीच असल्यास व्यासाच्या समप्रमाणात असतो. ०·५ मिमी. व्यासाच्या सलग तारेऐवजी तेवढ्याच छेदाचे, प्रत्येकी ०·२ मिमी. व्यासाचे सात पदर घेतल्यास प्रत्येक पदरावरील ताण निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे धातूचा शिणवटा पुष्कळ उशिरा येतो व तार कितीतरी अधिक वेळा वाकविता येते.

एकपदरी तार दिलेल्या आकारात राहते आणि फलकाच्या बारीक छिद्रात किंवा प्रयोगफलकाच्या खोबणीत सरळ शिरते. म्हणून जी जोडणी एकदा केल्यावर हलणार नाही, तेथे ती सोईची असते. पेटीच्या झाकणावरील स्विच, विद्युत् घटांची खोबण, ध्वनिक्षेपक, चाचणीच्या तारा अशा हलणाऱ्या जोडण्यांसाठी मात्र बहुपदरी तारच वापरावी लागते. झाकण दर वेळी उघडताना सांध्याशी थोडी थोडी वाकणारी एकपदरी तार अखेर तेथेच तुटते. पुष्कळदा ती आवरणाच्या आत तुटत असल्याने बाहेरून अखंड दिसते व दोष शोधणे कठीण होते.

जाडी व मापनपद्धती : बारीक तारांची जाडी क्रमांकाने सांगण्याची प्रथा आहे. तार ओढण्याच्या क्रियेत ती एकामागून एक लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून काढतात. त्यामुळे क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक असते. १८५७ पासून प्रचारात आलेल्या अमेरिकन पद्धतीत (एडब्ल्यूजी) ०·४६ इंच व्यासाच्या ०००० या क्रमांकापासून ०·००५ इंच व्यासाच्या ३६ या क्रमांकापर्यंत समान गुणोत्तराच्या ३९ पायऱ्या आहेत. त्यामुळे क्रमांक ३ ने वाढल्यास छेदक्षेत्र जवळजवळ निम्मे होते व ६ ने वाढल्यास व्यास जवळजवळ निम्मा होतो.

ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर ठरलेली प्रमाण पद्धती (एसडब्ल्यूजी) वेगळी असून भारतातील बाजारात ती दीर्घकाळ रूढ आहे. दोन्ही पद्धतींतील क्रमांक सारखे दिसले, तरी जाडी सारखी नसते. उदा., २२ क्रमांकाच्या तारेचा व्यास अमेरिकन पद्धतीत ०·६४ मिमी., तर ब्रिटिश पद्धतीत ०·७१ मिमी. आहे. ३० क्रमांकाचे व्यास अनुक्रमे ०·२५ व ०·३१ मिमी. असून तेथे ब्रिटिश तारेचे छेदक्षेत्र अमेरिकन तारेच्या सु. दीडपट भरते. परदेशी पुस्तकातील आकृतीवरून क्रमांक वाचून स्थानिक बाजारात तार घेताना कोणती पद्धती अभिप्रेत आहे, हे म्हणूनच पाहावे लागते. व्यास मिलिमीटरांत किंवा छेदक्षेत्र चौ. मिमी.मध्ये सांगणे हा संदिग्धता टाळण्याचा उत्तम मार्ग होय.

बहुपदरी तार पदरांची संख्या व प्रत्येक पदराची जाडी यांनी दर्शवितात. ७/०·२ म्हणजे ०·२ मिमी. व्यासाचे सात पदर. हिचे छेदक्षेत्र ०·२२ चौ. मिमी. असते व ती अमेरिकन २४ क्रमांकाच्या तारेच्या जवळपास येते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या (डॉ. भडकमकर मार्ग) भारतीय बाजारांत १४/७६, २३/७६, ४०/७६ अशी नावे ऐकू येतात. यांतील ७६ हा आकडा क्रमांक नसून ०·००७६ इंच, म्हणजे ०·१९३ मिमी., या पदराच्या व्यासाचे संक्षिप्त रूप आहे. त्यानुसार १४/७६ तारेचे छेदक्षेत्र सु. ०·४ व २३/७६ तारेचे सु. ०·६७ चौ. मिमी. असते. अल्प प्रवाहाच्या मंडलांसाठी या दोन्ही तारा आवश्यकतेहून जाड असून लहान फलकावर त्या ताठ व अडचणीच्या ठरतात.

पुढील कोष्टकात नेहमीच्या तारांची मापे दिली आहेत. शेवटच्या स्तंभातील प्रवाह बंद पेटीत एकत्र बांधलेल्या तारांसाठी धरला असून तो मुद्दाम कमी ठेवला आहे; मोकळ्या हवेतील एकट्या तारेस याहून बराच अधिक प्रवाह सोसतो.

कोष्टक : तांब्याच्या एकपदरी तारांची मापे (२०° से.)

| अमेरिकन क्रमांक | व्यास (मिमी.) | छेदक्षेत्र (चौ. मिमी.) | रोध (ओहम प्रती मी.) | प्रवाह (अँपि.) |
|---|---|---|---|---|
| २० | ०·८१ | ०·५२ | ०·०३३ | १·५ |
| २२ | ०·६४ | ०·३३ | ०·०५३ | ०·९ |
| २४ | ०·५१ | ०·२० | ०·०८४ | ०·६ |
| २६ | ०·४० | ०·१३ | ०·१३४ | ०·३५ |
| २८ | ०·३२ | ०·०८ | ०·२१३ | ०·२ |
| ३० | ०·२५ | ०·०५ | ०·३३९ | ०·१४ |

प्रवाह व विद्युत् दाबातील घट : तार वितळण्याइतका प्रवाह व तिला सुरक्षितपणे सोसणारा प्रवाह यांत मोठे अंतर असते. ३० क्रमांकाची उघडी तार वितळण्यास सु. १० अँपि. प्रवाह लागतो. परंतु त्याच्या कितीतरी आधीच तिचे आवरण मऊ होऊन शेजारच्या तारांना चिकटते. संकेत वाहून नेणाऱ्या तारेतील प्रवाह हजारांश अँपिअरांत मोजला जातो व प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थास (एलईडी) साधारणतः ०·०२ अँपि. पुरतो. या कामांसाठी कोष्टकातील कोणतीही तार चालते. चलित्रे, तापक, दिव्यांच्या लांब माळा आणि सर्व मंडलाचा समाईक पुरवठा यांसाठी मात्र हिशेब करावा लागतो.

हा हिशेब तापण्याचा असतो तसाच दाबातील घटीचाही असतो. समजा, ५ व्होल्टचा पुरवठा १ मी. अंतरावरील फलकास ३० क्रमांकाच्या तारांनी दिला व फलक ०·५ अँपि. प्रवाह घेतो. हा प्रवाह तारेच्या सुरक्षित मर्यादेबाहेरचा तर आहेच. शिवाय जाणारी व येणारी मिळून २ मी. तारेचा रोध ०·६८ ओहम होतो व तीत ०·३४ व्होल्ट खर्च होतात. फलकास ४·६६ व्होल्टच मिळतात. ७४०० मालिकेतील मूळच्या संकलित मंडलांना किमान ४·७५ व्होल्ट लागत असल्याने मंडल कधी चालते, कधी अडते आणि दोष मात्र घटकांवर ढकलला जातो. २२ क्रमांकाची तार वापरल्यास हीच घट सु. ०·०५ व्होल्ट इतकीच होते.

पुरवठा विद्युत् घटमालेचा असेल, तर आणखी एक धोका संभवतो. शिसे-अम्ल किंवा लिथियम घटमाला मंडल संक्षेपित झाल्यास क्षणात दहा-वीस पटींनी अधिक प्रवाह देऊ शकते. अशा वेळी बारीक तार तापकाचे काम करते व आवरणासह पेट घेऊ शकते. म्हणून घटमालेच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवितात. त्याची क्षमता मंडलातील सर्वांत बारीक तारेस सोसेल इतकीच असावी लागते.

निरोधक आवरण : सर्वाधिक वापर प्लास्टिकीकारक मिसळून मऊ केलेल्या पीव्हीसीचा होतो. हे आवरण स्वस्त, अनेक रंगांत मिळणारे व सहज सोलता येणारे असते. सामान्य प्रकार ८०° से. व विशेष प्रकार १०५° से. तापमानापर्यंत टिकतात. परंतु डाखकामाच्या वेळी सोल्डरिंग आयर्नचे टोक ३००° से.हून अधिक तापलेले असते. ती उष्णता तांब्यातून वर चढल्याने सांध्याजवळचे आवरण मऊ होते, आक्रसते व काही मिमी. मागे सरते. उघड्या पडलेल्या दोन शेजारी तारा मग एकमेकींस लागतात. आवरण जळल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन शलाकेने प्रारणित केलेल्या पीव्हीसीतील रेणुशृंखला एकमेकींस जोडल्या गेलेल्या असतात; त्यामुळे ते वितळून मागे सरत नाही. दाटीच्या कामात अशी तार थोड्या अधिक किमतीस पात्र ठरते.

टेफ्लॉन सु. ३२७° से. तापमानास वितळते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावरील टेफ्लॉनची तार २००° से. पर्यंत सतत वापरता येते. डाखकामात तिचे आवरण जराही आक्रसत नाही. तथापि ते निसरडे व चिवट असल्याने सोलणे कठीण जाते, आणि सतत दाबाखाली राहिल्यास ते हळूहळू बाजूला सरकून पातळ होते. ते जाळणे टाळावे. कारण अतितप्त टेफ्लॉनच्या वाफांनी फ्ल्यूसारखा ताप येतो. सिलिकोन रबराचे आवरण सु. −६०° ते २००° से. पर्यंत लवचिक राहते व त्यातील पदरही अतिशय बारीक असल्याने चाचणीच्या तारांसाठी ते उत्कृष्ट असते. मात्र धारदार कडेने ते सहज फाटते. पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइडचे पातळ व कठीण आवरण असलेली ३० क्रमांकाची एकपदरी तार मूळची खुंट्यांभोवती गुंडाळून जोडण्या करण्यासाठी निघाली. आता ती मुद्रित फलकांच्या दुरुस्तीसाठी विशेष वापरली जाते.

एका गुणात श्रेष्ठ असलेले आवरण दुसऱ्या गुणात उणे असू शकते, याचे गंभीर उदाहरण अवकाश तंत्रविद्येच्या इतिहासात आढळते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत यानकोठीस आग लागून व्हर्जिल ग्रिसम, एडवर्ड व्हाइट व रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर मरण पावले. चौकशी मंडळास आगीचे नेमके उगमस्थान निर्विवादपणे ठरविता आले नाही. परंतु तारांमधील विद्युत् ठिणगी हे सर्वांत संभाव्य कारण मानण्यात आले. कोठीतील शुद्ध ऑक्सिजन व ज्वालाग्राही वस्तू यांमुळे आग क्षणात पसरली. यानातील तारांचे टेफ्लॉनचे आवरण आगीस उत्तम तोंड देणारे, पण घासले गेल्यास सहज इजा पावणारे होते. तारेचा मार्ग, तिला दिलेला आधार व कडांपासूनचे रक्षण या बाबी आवरणाच्या रासायनिक गुणांइतक्याच महत्त्वाच्या असल्याचे यातून दिसून येते. घरगुती उपकरणातही धातूच्या पेटीतील छिद्रातून तार नेताना रबरी कडे बसविणे याच कारणासाठी आवश्यक असते.

रोगणविलेपित तार : रोहित्रे व चलित्रे यांच्या वेटोळ्यांसाठी वापरतात ती बहुवारिकाचा अत्यंत पातळ थर दिलेली तार जोडण्यांसाठीही उपयोगी पडते. ती फार थोडी जागा व्यापते. पॉलियुरेथेनाचा थर सु. ३९०° से. तापमानास डाखाखाली आपोआप जळून जातो, त्यामुळे वेगळे सोलावे लागत नाही. या वेळी निघणारा धूर अपायकारक असल्याने काम हवेशीर जागी करतात. जुन्या रोहित्रातून किंवा चलित्रातून काढलेल्या तारेवर बहुधा याहून उष्णतासह थर असतो. तो खरवडूनच काढावा लागतो. न काढल्यास डाख वरवर बसलेला दिसतो, पण विद्युत् संपर्क होत नाही.

डाखकाम : तारेचे आवरण टोकापासून ३ ते ५ मिमी. इतकेच सोलतात. सोलताना पात्याची खूण संवाहकावर उमटू नये, याची काळजी घेणे सर्वांत महत्त्वाचे असते. एकपदरी तार त्या खुणेपाशीच वाकते व तुटते. बहुपदरी तारेतील सातांपैकी दोन पदर कापले गेल्यास उरलेल्यांवर सर्व ताण येतो. म्हणून तारेच्या मापाची खाच असलेला सोलणीचा चिमटा वापरणे इष्ट असते. नंतर पदर पिळून त्यांवर डाखाचा पातळ थर चढवितात. याला कथिल चढविणे असे म्हणतात.

डाख म्हणून दीर्घकाळ कथिल व शिसे यांचा मिश्रधातू प्रचलित आहे. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेला प्रकार १८३° से. तापमानास वितळतो. शिशाच्या विषारीपणामुळे यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनीय उपकरणांत त्याच्या वापरावर निर्बंध घातले. त्याऐवजी वापरात आलेला कथिल, चांदी व तांबे यांचा मिश्रधातू सु. २१७° से.पासून वितळू लागतो. तापमानातील या वाढीमुळे आवरणावरील ताणही वाढला असून स्वस्त पीव्हीसीचे उणेपण अधिक जाणवते. शिसेयुक्त डाख हाताळल्यानंतर हात धुणे आवश्यक असते.

सांधा करताना तार व घटकाचे टोक ही दोन्ही एकदम तापवून डाख त्यांवर लावतात. एक ते तीन सेकंदांत काम आटोपल्यास आवरणास इजा पोहोचत नाही. उष्णता अधिक वेळ दिल्यास वितळलेला डाख केशाकर्षणाने पदरांमधून आवरणाच्या आत चढतो व लवचिक तारेचा तेवढा भाग ताठ होतो. ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो त्या सीमेवर सर्व वाकणे एकवटते; बहुपदरी तारा बहुतकरून तेथेच तुटतात. यावर उपाय म्हणजे ती सीमा हलू न देणे. त्यासाठी तार फलकातील एका जादा छिद्रातून ओवून घेतात, किंवा सांध्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी बसवितात, किंवा तार पेटीस बांधून टाकतात. कथिल चढविलेले टोक स्क्रूखाली आवळणे मात्र अयोग्य असते. कारण दाबाखाली डाख हळूहळू पसरतो, पकड सैल होते व तो सांधा तापू लागतो.

रंगसंकेत : एकाच रंगाच्या तारांनी केलेल्या मंडलातील दोष शोधणे अवघड जाते. एकदिश प्रवाहाच्या मंडलांत धन टोकास तांबडी व ऋण किंवा समाईक टोकास काळी तार लावण्याचा प्रघात आहे. घरातील वीजजोडणीत मात्र रंगांचे अर्थ निराळे असतात. भारतात तांबडा, पिवळा व निळा हे रंग प्रवाहित तारांचे, काळा उदासीन तारेचा व हिरवा भूयोजनाचा म्हणून रूढ आहेत. अमेरिकेतील घरांत काळी तारच प्रवाहित असते. मुख्य पुरवठ्यावर चालणाऱ्या परदेशी उपकरणाची पेटी उघडताना रंगावर विसंबणे त्यामुळे जिवावर बेतू शकते. मापकाने खात्री करून घेणे आवश्यक असते.

सर्वसाधारण जोडणी तारेचे आवरण बहुधा ३०० व्होल्टपर्यंत प्रमाणित असते. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सु. ३२५ व्होल्ट असते. शिवाय या तारेवर संरक्षक असे दुसरे आवरण नसते. म्हणून उपकरणाच्या मुख्य पुरवठ्याच्या बाजूस त्यासाठी प्रमाणित केलेली जाड तारच वापरतात. ती बारीक तारांपासून अलग बांधतात; नाहीतर एखादी सुटलेली तार विद्युत् धक्क्यास कारण होते.

विशेष प्रकार : ध्वनिग्राहकाकडून येणारे क्षीण संकेत नेण्यासाठी बारीक तारांच्या विणीने वेढलेली परिरक्षित तार वापरतात, तिच्यामुळे मुख्य पुरवठ्याची गुणगुण टळते. सरळ तारेची प्रवर्तकता दर सेंमी.स सु. ०·०१ मायक्रोहेन्री असते. ती अल्प वाटली, तरी उच्च कंप्रतेस अडथळा करते. म्हणून तेथे तारेच्या जाडीपेक्षा तिची लांबी कमी ठेवणे व जाणारी-येणारी तार एकमेकींभोवती पिळणे यांस महत्त्व असते. अनेक तारा शेजारी शेजारी चिकटवून केलेल्या फीतवजा केबलमध्ये बहुधा २८ क्रमांकाच्या बहुपदरी तारा १·२७ मिमी. अंतराने असतात. संगणक जालकासाठीच्या केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात. तिच्या एकपदरी प्रकारातील तारा बहुधा २४ क्रमांकाच्या असून प्रयोगफलकासाठी त्या स्वस्त व सोईच्या पडतात.

निवड : प्रायोगिक व हौशी कामासाठी चार प्रकारच्या तारा जवळ असल्यास बहुतेक गरजा भागतात. प्रयोगफलक व छिद्रित फलकांवरील स्थिर जोडण्यांसाठी २२ किंवा २४ क्रमांकाची कथिलाचा मुलामा दिलेली एकपदरी तार, फलकाबाहेरील व हलणाऱ्या जोडण्यांसाठी ७/०·२ ही बहुपदरी तार, पुरवठ्यासाठी ०·५ चौ. मिमी. किंवा त्याहून जाड बहुपदरी तार आणि मुद्रित फलकांच्या दुरुस्तीसाठी ३० क्रमांकाची पातळ आवरणाची एकपदरी तार. दाटीच्या फलकावर किंवा तापणाऱ्या घटकांजवळ पीव्हीसीऐवजी प्रारणित पीव्हीसी वा टेफ्लॉन घेणे योग्य ठरते. नवीन गुंडाळीतील तार वापरण्यापूर्वी एक तुकडा सोलून, डाख लावून व काही वेळा वाकवून पाहिल्यास तांब्याचा कस, आवरणाचा आक्रस व पदरांचा चिवटपणा यांची एकाच वेळी परीक्षा होते. तयार झालेल्या उपकरणातही प्रत्येक तार सांध्याजवळ हलकेच ओढून व हलवून पाहतात. या वेळी मापकावरील रोधाचे वाचन बदलल्यास सांधा सदोष समजून तो पुन्हा करतात.